आईचे गणित वहीत आणा

(सदर : घर आणि शाळा)



दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच कार्यकर्ते पवनानगरात वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो. कुणी इंग्रजी घेतो, कुणी विज्ञान. मी नोकरीने कारकून आणि शिक्षणाने बी.कॉम., म्हणून गणित माझ्याकडे आले. गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. एक ताई आठवीतल्या मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. मुलगी दाराशीच थांबली. ताई म्हणाल्या, "भाऊ, हिचं गणित लई कच्चं हाय. आठवीत आली, पण भागाकार जमत नाय. आमच्या घरात कुणालाच गणित येत नाय, मग हिला कुठनं येनार? दहावी झाली का बास. गणित नसंल असलं कायतरी बघू."

मुलीने मान खाली घातली. आईने आपल्याबद्दल आणि सगळ्या घराबद्दल दिलेला निकाल तिने ऐकला होता. असा निकाल तिने पहिल्यांदा ऐकला नसावा.

मी ताईंना विचारले, "तुम्ही काय काम करता?" त्या म्हणाल्या, "धरणाच्या काठाला तंबू लावत्यात ना, तिथं स्वयंपाकाला जाते." मी विचारले, "पस्तीस माणसांची ऑर्डर आली तर तांदूळ किती घेता?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "किलोला आठ मानसं धरायची. चार किलोत बत्तीस झाली. वर तिघं राहत्यात, त्यांना अर्धा किलो. साडेचार किलो. पोरं तरणी असली तर पाच."

मी मुलीच्या वहीत लिहिले : ३५ भागिले ८. भागाकार ४, बाकी ३. आणि मुलीला म्हणालो, "हे तुझ्या आईने आत्ता तोंडी केले. घरात कुणाला गणित येत नाही, असे पुन्हा म्हणू नका." मुलीने एकदा वहीकडे पाहिले, एकदा आईकडे पाहिले. ताई हसल्या आणि म्हणाल्या, "ह्याला भागाकार म्हनत्यात व्हय?"

मायबहिणींनो, आजचा लेख या एका प्रश्नावर आहे.

दोन गणिते, आणि मधली भिंत

आपल्या घरात गणित नाही, ही समजूत खोटी आहे. रोजंदारीचे दिवस मोजणारा बाप, भिशीचे पैसे सांभाळणारी आई, भाताच्या खाचराला किती बियाणे लागेल हे नुसते बघून सांगणारा आजा, ही सगळी गणित करणारीच माणसे आहेत. पण हे गणित तोंडी चालते आणि शाळेतले गणित कागदावर चालते. दोघांची भेट होत नाही. मूल घरात एक गणित बघते, शाळेत दुसरेच बघते, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगत नाही.

हे माझ्या एकट्याचे म्हणणे नाही. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजीच्या गाडीवरची ही मुले अवघड हिशेब तोंडी अचूक करत होती. तेच हिशेब पुस्तकातल्या पद्धतीने कागदावर दिले, की बहुतेक अडखळत. उलट, शाळेत जाणारी पण बाजारात काम न करणारी मुले पुस्तकातली गणिते त्यांच्यापेक्षा बरी सोडवत, आणि बाजारातला हिशेब समोर आला की चुकत. म्हणजे एकीकडचे ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही. कुणीतरी बसून ते जोडून द्यावे लागते.

ते जोडून देणे घराचे काम आहे. त्यासाठी आईबाप शिकलेलेच पाहिजेत असे नाही. जे घरात चालले आहे ते मुलाला दाखवायचे आणि मुलाकडून ते वहीत लिहून घ्यायचे, एवढेच करायचे आहे.

आपलेच मूल ढ आहे, असेही कुणी समजू नये. देशभरातल्या खेड्यांत होणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ साली तिसरीतल्या १०० पैकी सुमारे ३४ मुलांनाच वजाबाकी येत होती, आणि पाचवीतल्या १०० पैकी सुमारे ३१ मुलांनाच भागाकार येत होता. वर्गातली बहुतेक मुले जिथे अडली आहेत, तिथेच आपलेही अडले आहे. पण ज्याच्या घरी पैसा आहे ते मूल क्लासला जाऊन भरपाई करते. आपले मूल मागे राहते, आणि पुढे लोक त्यालाच बुद्धी नाही असे म्हणतात.

फळ्यापर्यंतची वाट

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्करातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, गोरेगाव येथे, दुष्काळी कामातल्या तलावावर ते रोखपाल होते. म्हणजे रोज हिशेब ठेवणारा माणूस. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. भांडी, सरपण, धूर, माणसांची दाटी. तेथे रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवीत. मग आपण आडवे होत. वेगळी खोली नव्हती, म्हणून त्यांनी रात्रीतून वेळ काढून दिला.

त्याच काळात एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले. वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले, आणि मगच भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. त्याच मुलाने १९२३ साली लंडनमध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा आकड्यांनी आणि कोष्टकांनी भरलेला ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवावा असे सांगितले होते. ज्याला हिशेब येत नाही त्याला कसे लुबाडले जाते, हे जोतिरावांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आज आपले मूल फळ्याकडे निघाले तर कुणी डबे उचलत नाही. पण मूलच मागच्या बाकावर दडून बसते. बाईंनी नाव घेऊ नये म्हणून खाली बघते. त्याला फळ्यापासून दूर ठेवणारी भीती आता आत बसली आहे. ती कुठून आली, हे शोधताना मला माझ्याच घराकडे पाहावे लागले.

माझी चूक

ही गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. माझी थोरली मुलगी चौथीत होती. कार्यालयातून थकून आलो की मी तिला समोर बसवून पाढे विचारायचो. एकदा सातच्या पाढ्यात 'सात आठे?' असे विचारले आणि ती थांबली. मी पुन्हा विचारले. ती गप्प. माझा हात उठला. त्यानंतर ती मला पाहिले की दप्तर आवरू लागायची. गणिताच्या तासाला तिचे पोट दुखायचे. आम्ही दवाखाना केला, दुखणे सापडले नाही.

पुष्कळ वर्षांनी, ती कॉलेजला असताना, जेवताना ती सहज म्हणाली, "पप्पा, मला छप्पन्न येत होतं. पण तुमचा हात दिसत होता."

तो घास मला गिळवला नाही.

घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात आकडे राहत नाहीत, कारण सगळे लक्ष मार कसा चुकवायचा याकडे जाते. तेव्हापासून मी ठरवले, की उत्तर चुकले तर रागवायचे नाही, एकच प्रश्न विचारायचा : "कसे काढलेस, सांग." मूल सांगू लागले की चूक बहुधा त्याची त्यालाच सापडते. आणि उत्तर बरोबर आले तरी हाच प्रश्न विचारायचा. नाहीतर मूल समजते, की 'कसे' विचारले म्हणजे चुकलेच आहे.

पाढा विसरला तर वाट दाखवावी. सात आठे आठवत नसेल तर सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न. नऊचा पाढा अडला तर दहाच्या पाढ्यातून तो आकडा एकदा वजा करावा : सात दाहे सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट. पाचचा पाढा म्हणजे दहाच्या पाढ्याचा निम्मा. पाढे पाठ हवेतच, पण पाठ असलेले विसरले तर परत जाण्याची वाट माहीत असावी.

पंचवीस की बावन्न?

लहान मुलांच्या आईबापांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिली-दुसरीतले मूल 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिते. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण मूल कानाला ऐकू येते तसेच लिहीत असते. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. आपल्या भाषेत एकवीसपासून पुढे बहुतेक आकडे असेच उलटे बोलले जातात. शिवाय एकोणतीस म्हणताना तोंडात तीस येतो आणि कागदावर २९ लिहावे लागतात.

यावरूनच जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस याबरोबर 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले होते. पुष्कळांनी टीका केली, थट्टाही केली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे साधे होते : मुलांना जोडाक्षरी आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांची भीती वाटते, त्यांना आकडा सोपा करून द्यावा. जुनी नावे त्यांनी काढून टाकली नव्हती.

वाद पंडितांनी करावा. आपण घरात दोन्ही वापरावे. मूल अडले तर म्हणावे, "वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस." "एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी." दहा-दहा काड्यांच्या मोळ्या बांधाव्यात, सुट्या काड्या वेगळ्या ठेवाव्यात. दोन मोळ्या आणि पाच काड्या हातात धरल्या की २ आधी का लिहायचा, हे मुलाला दिसते. यासाठी एक रुपया खर्च होत नाही.

आजीची मापे

चौथी-पाचवीला अपूर्णांक येतात आणि तेथे पुष्कळ मुलांचे गणित तुटते. मुलाला विचारा, पाव मोठा की एक अष्टमांश? पुष्कळदा ते सांगते, एक अष्टमांश, कारण चारपेक्षा आठ मोठे.

आता आजीला बोलवा. आजीला जुनी धान्याची मापे पाठ असतात. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. सगळी मापे दुपटीने वर जातात आणि निम्म्याने खाली येतात. शेराचा अर्धा म्हणजे मापटे, पाव म्हणजे चिपटे, एक अष्टमांश म्हणजे कोळवे. घरात चिपटे आणि कोळवे असेल तर तांदूळ भरून मुलाला दाखवा. नसेल तर एक मोठी वाटी आणि तिच्या निम्म्याची एक वाटी घ्या. आठ वाटे केले की प्रत्येक वाटा लहान होतो, हे मुलाच्या हाताला कळते. मग आजीने विचारावे, "एका पायलीत चिपटी किती?" मुलाने वहीत मांडावे. चार शेर, प्रत्येक शेरात चार चिपटी, एकूण सोळा.

भाकरीचेही तसेच आहे. अर्धी आणि पाव भाकरी मिळून पाऊण होते, हे रोज ताटात घडते. जेवण झाल्यावर १/२ + १/४ = ३/४ असे एकदा लिहून घ्यावे. ज्या आजीने कधी पाटी धरली नाही ती नातवाला अपूर्णांक शिकवते, याचा तिला किती आनंद होतो, ते मी पाहिले आहे.

सुट्टे पैसे कुठे गेले?

पूर्वी आई मुलाला पन्नासची नोट देऊन दुकानात पाठवायची. चहापूड, साखर, आगपेटी, आणि परत किती आले ते घरी येऊन सांगायचे. मोड चुकली तर परत जावे लागे. ती रोजची परीक्षाच होती. आता मोबाईलने कागदावरचा चौकोन टिपला की पैसे गेले. सोय झाली, यात शंका नाही. पण मुलाच्या हातून मोड गेली आणि तिच्याबरोबर रोजची वजाबाकीही गेली. मुलाला हे कुणी सांगितले नाही आणि आपल्याही लक्षात आले नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मुलाच्या हातात रोख पैसे द्या. घेतलेल्या जिनसा, भाव, वजन आणि शिल्लक त्याने वहीत लिहावी. पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो याचा भाव त्यानेच काढावा. मोबाईलचे गणकयंत्र बंदच करावे असे मी म्हणत नाही. आधी अंदाज करायचा, मग कागदावर करायचे, आणि शेवटी यंत्रावर पडताळायचे, असा क्रम ठेवावा.

मोठ्या मुलांसाठी आपल्या भागातच भरपूर आहे. पावसाळ्यात रोज बातमी येते, पवना धरण इतके टक्के भरले. धरणाची साठवण सुमारे साडेआठ टीएमसी. पन्नास टक्के भरले म्हणजे किती? सव्वाचार. पंचवीस टक्के म्हणजे? त्याचे निम्मे. ज्याला ही बातमी वाचता आली त्याला शेकडेवारी आली.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहितात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मुलाला विचारा, ०.२० आणि ०.०२ यांत फरक काय? पहिले वीस आर, म्हणजे सुमारे अर्धा एकर. दुसरे दोन आर, म्हणजे दोन गुंठे. एका शून्याची जागा बदलली की अर्धा एकर जातो. दशांश चिन्ह कशाला शिकायचे, असे मग मूल विचारणार नाही.

कार्ल्याच्या लेण्यात गेलात तर चैत्यगृहातले खांब मोजायला सांगा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपाच्या मागे सात. लहान मुलाने एक-एक करून मोजावेत, मोठ्याने १५ × २ + ७ असे मांडावे. दोघांचेही सदतीसच येतात. एकाच उत्तराला दोन वाटा असतात, हे दोघांना कळेल.

शेकडा दोन

आता त्या ताईंकडे येतो. मुलगी दर रविवारी येऊ लागली. आई रोज संध्याकाळी तिला एक हिशेब सांगायची आणि ती तो वहीत मांडायची. किती माणसे, किती तांदूळ, किती डाळ, किती उरले. आईला वाचता येत नव्हते, पण चूक झाली की ती लगेच ओळखायची : "इतका तांदूळ लागत नाय, बग परत." याहून चांगली शिक्षिका कुठून आणायची?

पावसाळ्याआधी घराचे पत्रे बदलायचे होते. वीस हजार रुपये लागणार होते. ताईंच्या बचत गटात कर्ज होते, पण त्यासाठी महिनाभर थांबावे लागणार होते. एक बाहेरचा माणूस दारात आला आणि म्हणाला, "आजच घ्या. दर तुमच्या गटाचाच, शेकडा दोन. दहा हप्ते." ताईंना पटले. सही करायच्या आदल्या रात्री मुलगी म्हणाली, "आई, दोन्ही मांडून बघू."

तिने वहीत दोन रकाने केले. गटाचे व्याज उरलेल्या रकमेवर होते. दर महिन्याला दोन हजार मुद्दल फिटणार. म्हणून पहिल्या महिन्याला २०,००० वर व्याज ४००, दुसऱ्याला १८,००० वर ३६०, तिसऱ्याला १६,००० वर ३२०, असे उतरत शेवटच्या महिन्याला ४०. दहाही महिन्यांची बेरीज २,२०० रुपये. त्या माणसाचे व्याज शेवटपर्यंत पूर्ण वीस हजारांवरच होते. दर महिन्याला ४००, दहा महिन्यांचे ४,००० रुपये. दर एकच, पण फरक १,८०० रुपयांचा. आईच्या तीन-चार दिवसांच्या कामाचे पैसे.

रविवारी तिने ती वही मला दाखवली. मी बी.कॉम.ला हेच शिकलो होतो. सरळ पद्धत आणि घटत्या शिल्लकीची पद्धत अशी त्याची नावे पाठ केली होती. तिने नावे न ऐकता ते काढले होते. पत्रे महिनाभर उशिरा बसले. पहिल्या पावसात घर थोडे गळाले. ताई म्हणाल्या, "गळंना का, पैसं तर गळलं नाय."

ही मुलगी वर्गात पहिली आली, असे मी लिहिणार नाही, कारण ती आली नाही. चाळीस गुणांच्या चाचणीत तिला आधी ११ होते, मग २३ आले. पण ती आता फळ्याकडे जाते.

काय करावे

रोज पंधरा मिनिटे, ठरलेल्या वेळी, मुलाच्या शेजारी बसा. तुम्हाला समजले नाही तरी बसा, आणि "मला समजावून सांग" म्हणा. समजावून सांगताना मुलाचेच पक्के होते. त्या पंधरा मिनिटांत टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुलीला त्या वेळी पाणी भर, भांडी घास असे सांगू नका. भांडी मुलाने घासली तर घराचे काही बिघडत नाही. "पोरींना गणित कुठे जमते" आणि "आपल्या घराण्यात नाही" ही दोन वाक्ये घरातून हद्दपार करा. मोठा भाऊ किंवा बहीण असेल तर धाकट्याला शिकवू द्या. घर फारच लहान असेल तर विहारात, समाजमंदिरात, कुणाच्या ओट्यावर चार मुलांना एकत्र बसवा.

शाळेत जा. फक्त निकालाच्या दिवशी नको. "आमच्या मुलाला नेमके काय येत नाही?" हे गुरुजींना, बाईंना आदराने विचारा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी लागते. ती खुर्ची आपली आहे. तिच्यावर आपण बसलो नाही तर दुसरा कुणी बसतो.

आठवीतल्या मुलांनी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला जरूर बसावे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. त्या परीक्षेत गणित आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. आय.टी.आय.च्या कार्यशाळेत मोजमाप आहे. गणित सोडले की एकेक दरवाजा बंद होत जातो, आणि मुलाला तो बंद झाल्याचा आवाजही येत नाही.

गेल्या रविवारी ताई पुन्हा आल्या. या वेळी त्या दाराशी थांबल्या आणि मुलगी आत आली. मी विचारले, "ताई, आत या की." त्या म्हणाल्या, "मला बी आकडे लिवायला शिकवा. तोंडी तर येतंच."

मुलीने फळ्यावर १ काढला आणि खडू आईच्या हातात दिला.

जयभीम!